झाकण फिरवलं की बैठक संपली

मित्रांनो, गाण्याच्या खोलीतल्या कपाटावर बक्षिसांची रांग लागली आहे. त्या रांगेच्या अगदी कडेला, भिंतीला टेकून, एक निळा थर्मास उभा आहे. पत्र्याला पोचे पडले आहेत, अंगावरच्या पांढऱ्या पक्ष्यांपैकी निम्मे उडून गेले आहेत. तो मी. येणारे-जाणारे बक्षिसं बघतात, फोटो बघतात, आणि माझ्यावर नजर पडली की विचारतात, "हे इथे कशाला ठेवलंय?" मला ऐकू येतं. उभं आयुष्य एका नामवंत गायिकेच्या हाताशी काढलं आहे मी. माझा कान चांगला तयार आहे.

आधीच सांगून टाकतो, मी चिडलेलो आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गोड बोलतात. छत्री गोड बोलते, पाटी गोड बोलते, झिजलेली चप्पलसुद्धा सगळ्यांना माफ करून मोकळी होते. माझ्याच्याने ते होणार नाही. गरम गोष्ट पोटात धरून ठेवणं हाच माझा धंदा होता, तेव्हा मी राग धरून ठेवला तर नवल करू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तुम्हाला बाहेरून दिसतो तो पत्रा म्हणजे माझा अंगरखा. माझं खरं अंग आत होतं. एकात एक बसवलेल्या काचेच्या दोन बाटल्या, त्यांच्यामधली हवा काढून घेतलेली, आणि त्या काचेवर आरशासारखा मुलामा. तपासणीच्या टेबलावर बसलेली बाई प्रत्येक काचेला नखाने टिचकी मारायची आणि कानाशी धरायची. स्वच्छ आवाज आला तर पास, नाहीतर भंगार. मी पहिल्याच टिचकीला पास झालो. पुढे मला पत्रा चढवला, बूच बसवलं, वर पेल्यासारखं फिरकीचं झाकण लावलं आणि खोक्यात एक कागद टाकला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'गरम पाणी काढल्यावर लगेच बर्फ घालू नये. काच फुटेल.' मित्रांनो, असे कागद छापणाऱ्यांची मला कीव येते. ते कुणी वाचत नाही.

एका बाईने मात्र वाचला. ती घरी शिवणकाम करायची आणि तिच्या लेकीचा गळा गोड होता. लेकीला पहिल्यांदाच ध्वनिमुद्रणासाठी बोलावणं आलं होतं. आईने दुकानात मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कागद तोंडाने पुटपुटत वाचला आणि दुकानदाराला विचारलं, "संध्याकाळपर्यंत पाणी गरम राहील ना? नक्की सांगा हं, मुलीच्या गळ्याचा प्रश्न आहे." दुकानदार म्हणाला, "राहील हो." त्याने मला कधी वापरून पाहिलं नव्हतं, पण खोटं बोलला नाही.

त्या दिवशी स्टुडिओच्या अरुंद बोळात एका बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. आई, लेक आणि मी. आत मोठमोठे गायक जात होते, बाहेर येत होते. "आता तुमचाच नंबर," असं कुणीतरी सकाळी सांगून गेलं, तो माणूस पुन्हा दिसलाच नाही. दुपार झाली. पंखा बंद पडला. मुलीचा चेहरा एवढासा झाला. हाक आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. आईने माझं झाकण काढून त्यात पाणी ओतलं. वाफ आली! मुलीने दोन घोट घेतले, आत गेली आणि पहिल्याच झटक्यात गाणं देऊन बाहेर आली. काचेपलीकडे बसलेला माणूस आईला म्हणाला, "पोरीच्या गळ्यात काय आहे हो?" आई म्हणाली, "सध्या गरम पाणी आहे."

तेव्हापासून माझी नोकरी पक्की झाली, आणि आईचीही. लेक गात होती, आई व्यवहार बघत होती.

तो व्यवहार कसा चाले हे नीट ऐका, कारण माझी सगळी कहाणी त्यावर उभी आहे. घरी कुणी काम घेऊन आलं की आई मला मधल्या टेबलावर आणून ठेवी. झाकण उघडून लेकीसाठी पाणी ओती आणि पाहुण्याला म्हणे, "बोला." पाहुणा बोलत राही. कुणी एका दिवसात चार गाणी मागे, कुणी फुकटात कार्यक्रम मागे, कुणी म्हणे पोरीला सर्दी आहे तर काय झालं, पोस्टर लागलीत. आई वाद घालत नसे. आवाज चढवणं तर नाहीच. ऐकून घ्यायची, "हं, हं" करायची. काम पटलं तर पेल्यात पुन्हा पाणी ओतायची. नाही पटलं, तर पेला उचलून त्यातले उरलेले थेंब झटकायची, तो माझ्या डोक्यावर ठेवायची आणि हळूहळू फिरवायची. चर्र, चर्र, चर्र. माझी फिरकी पहिल्यापासून थोडी घट्ट होती, त्यामुळे आवाज सगळ्या खोलीत ऐकू यायचा. झाकण बसलं की आई उठून उभी राहायची. "बरंय तर. आता तिचा रियाज आहे." आईने झाकण फिरवलं की बैठक संपली, हे पुढे पुढे सगळ्या धंद्यात माहीत झालं. मोठमोठे निर्माते बोलता बोलता आईच्या हाताकडे बघायचे. मला तेव्हा केवढा मान होता म्हणून सांगू! टेबलावर चहाचे कप असायचे, फुलदाणी असायची, पण सगळ्यांची नजर माझ्यावर.

मुलगी मोठी झाली. सगळे तिला 'बाई' म्हणू लागले. दिवस ठरलेला असे. सकाळी उठल्यावर माझ्यातलं एक पेलाभर पाणी पोटात जाईपर्यंत बाई कुणाशी बोलत नसत. मग रियाज. खिडक्या लावून, आधी खालचे सूर, अगदी सावकाश, अंग शेकत बसल्यासारखे. मग जेवण, झोप, आणि त्यानंतर स्टुडिओ. स्टुडिओत मी त्यांच्या उजव्या हाताला स्टुलावर. गाणं मनासारखं झालं नाही की ध्वनिमुद्रक काचेपलीकडून नुसतं विचारायचा, "एक घोट?" म्हणजे पुन्हा गायचं. बाईंना राग येत नसे. एक घोट, की पुन्हा सुरुवात.

एकदा एका साप्ताहिकात बाईंचा मोठा फोटो आला आणि त्यात मीही आलो. खाली छापलं होतं, 'सुरेल गळ्याचं गुपित'. झालं! दुकानांत निळे थर्मास 'बाईंचा थर्मास' म्हणून विकले जाऊ लागले. ज्यांना आंघोळ करतानासुद्धा गाता येत नव्हतं ते मांडीवर थर्मास घेऊन हिंडू लागले. मला त्यातून एक नवं बूचही मिळालं नाही, पण ते असो. मी खूश होतो.

मग आई गेली.

त्यावर मी फार बोलणार नाही. त्या सकाळी मावशी, म्हणजे आमचं घर सांभाळणारी बाई, मला भरायला विसरली, आणि कुणालाच ते लक्षात आलं नाही. मलाही रिकामंच राहावंसं वाटत होतं.

व्यवहार बाईंच्या धाकट्या भावाकडे आला. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणू लागले. मित्रांनो, भाऊसाहेब वाईट असते तर माझं काम सोपं होतं, मनसोक्त शिव्या घातल्या असत्या. पण ते वाईट नव्हते. बहिणीवर जीव होता, पैशाला हात लावणारे नव्हते, कष्टाला मागे हटणारे नव्हते. त्यांना फक्त 'नाही' म्हणता येत नव्हतं. समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नसे. कुणी काही मागितलं की ते आधी "बघू या" म्हणत, मग "करू या" म्हणत, आणि मग बहिणीच्या खोलीच्या दाराशी येऊन डोकं खाजवत. "ताई, एक छोटंसं काम आलंय. मी जवळजवळ हो म्हटलंय."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे म्हटलंय."

आणि बाई? बाईंनी जन्मात स्वतः कुणाला नकार दिला नव्हता. ते खातं आईचं होतं. बाईंना सूर कळत होते, ताल कळत होता, पण समोर बसलेल्या माणसाला उठवायचं कसं हे त्या शिकल्याच नव्हत्या. झाकण टेबलावर होतं, मी टेबलावर होतो, फिरवायला हात नव्हता.

मग जे सुरू झालं त्याने माझं डोकं फिरलं. फरशांच्या दुकानाचं उद्घाटन. पंख्यांची जाहिरात. एकाच संध्याकाळी गावाच्या दोन टोकांना दोन लग्नं. एका कारखानदाराच्या कुत्र्याच्या वाढदिवसालाही आम्ही गेलो. परत येताना गाडीत बाईंनी विचारलं, "कुत्र्याला आवडलं का रे गाणं?" भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "झोपला होता तो, ताई." बाई हसल्या. मी हसलो नाही. मी मागच्या सीटवर आडवा पडलो होतो, गळ्यापर्यंत भरलेला. सकाळी मावशीने उकळतं पाणी ओतलं होतं आणि दिवसभरात कुणी झाकण काढलं नव्हतं, कारण पाणी प्यायलाही वेळ नव्हता. उद्घाटनातून लग्नाला, लग्नातून विमानतळावर. त्या पाण्याचं मी काय करू? धरून धरून किती धरू? रोज रात्री मावशी ते मोरीत ओतायची आणि मला ते जाताना दिसायचं. काम नसल्याचं दुःख वेगळं असतं. मी भरलेला होतो, हाताशी होतो, आणि तरी कुणाच्या कामाला येत नव्हतो. त्याने जीव नुसता चरफडतो.

रियाज आधी तासावर आला, मग गाडीत गुणगुणण्यावर आला, मग बंदच पडला. माझ्याइतकंच ते व्हायोलिनवाल्या काकांना कळलं. काका आईच्या वेळेपासून बाईंच्या साथीला होते. एकदा कार्यक्रमाच्या आधी त्यांनी तारा उतरवायला घेतल्या. गाणं ज्या उंचीवरून सुरू करायचं ती पट्टी त्यांनी न विचारताच खाली आणली. बाईंनी ऐकलं. "काका, खाली घेतलीत?"

"आजच्यापुरती," काका म्हणाले. पट्टी पुन्हा वर गेली नाही.

शेवटी एक दिवस बाईंना सकाळी हाक मारता येईना. गळ्याच्या डॉक्टरांनी घशात छोटा आरसा घालून पाहिलं, दिवा बंद केला आणि सरळ सांगितलं, "महिनाभर गाणं बंद. बोलणंसुद्धा जेवढ्यास तेवढं. थंड तर नावालाही नको. गळा सुजलाय. असाच ताणलात तर वरचे सूर जातील, आणि एकदा गेले की मी काय, कुणीही परत आणू शकणार नाही."

"महिनाभर?" भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "डॉक्टर, तारखा दिल्यात हो लोकांना."

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. मी बाईंच्या मांडीवरच होतो. माझं झाकण त्यांच्या हातात होतं. मी मनात म्हटलं, फिरवा. आत्ता फिरवा. बाईंनी त्यातलं पाणी संपवलं, झाकण नुसतं वर टेकवलं आणि म्हणाल्या, "बघू या."

हा शब्द आता बाईंच्या तोंडीही आला होता. मला इतका संताप आला की तेव्हाच तडकलो असतो.

आणि त्याच आठवड्यात कंपनीचे साहेब आले. त्यांची कंपनी नारिंगी रंगाचं थंड पेय विकायची. साहेब हसतमुख होते, बोलायला गोड होते, आणि सोफ्यावर टेकायच्या आत त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हाच ना तो? वा! बाई, आमची सगळी जाहिरात याच्यावर आहे." मी पोचे पडलेलं अंग जरा ताठ केलं. साहेब उभे राहून हातवारे करू लागले. "बघा हं. तुम्ही गाणं संपवता. थर्मास उघडता. लोकांना वाटतं, आता निघणार गरम पाणी. आणि आतून काय निघतं? आमचं थंडगार! तुम्ही एक घोट घेता आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणता, 'माझं गुपित बदललंय.' कसं वाटतं?"

मला कसं वाटलं ते मी लिहू शकत नाही, मुलं वाचतील.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पण मला थंड चालत नाही हो."

"एक घोट, बाई! एका घोटाने काय होतंय? आणि मग कार्यक्रमांत, स्टेजवर, दर गाण्यानंतर एकेक. तीन वर्षांचा करार. उद्या चित्रीकरण करू, पसंत पडलं की तिथेच सह्या."

दर गाण्यानंतर एक घोट, तीन वर्षं, आणि गळ्यावर सूज. यात काय जाणार हे मला कळत होतं, बाईंनाही कळत होतं. साहेबांना कळायचं कारण नव्हतं, भाऊसाहेबांना कळून घ्यायचं नव्हतं. ते म्हणाले, "करू या." बाईंचा हात माझ्या झाकणापर्यंत आला. बोटं टेकली. मग तोच हात वर गेला आणि उगाच कानामागे केस सारू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने सवयीने मला काठोकाठ उकळतं पाणी भरलं. "बाईंना बरं नाही, तिथे लागेल," असं स्वतःशीच म्हणाली. तिची काही चूक नव्हती.

चित्रीकरणाच्या जागी डोळे दिपवणारे दिवे होते आणि एक मोठा पंखा घरघरत होता. बाईंना खुर्चीत बसवून तोंडाला रंग लावत होते. साहेब स्वतःच माझ्यापाशी आले. त्यांनी बूच काढलं, माझ्यातलं वाफाळतं पाणी एका बादलीत भडाभडा ओतून दिलं, आणि त्याच हाताने माझ्यात बर्फाचे खडे टाकू लागले. मी अजून भाजत होतो, मित्रांनो! तो कागद आठवतो ना? ती ठळक अक्षरं? मी ओरडलो, पण आम्हा वस्तूंचं ओरडणं कोण ऐकणार? वरून त्यांनी ते नारिंगी पेय ओतलं. पोटात टच्च असं काहीतरी झालं. पंख्याच्या घरघरीत कुणालाच ऐकू आलं नाही. आतली काच खालपासून वरपर्यंत तडकत गेली. तिचे तुकडे त्या पेयात आणि बर्फात उतरले. साहेबांनी बूच लावलं आणि टाळी वाजवली. "चला, तयार!"

मी असहाय होतो. आयुष्यभर ज्या गळ्याची काळजी केली, त्याच गळ्यासाठी माझ्या पोटात काच तयार होती.

दिवे लागले. बाईंनी मला उचललं, झाकण काढलं, बूच काढलं आणि पेला भरला. आतून खुळखुळ असा आवाज आला. बाईंचा पेला ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"काय झालं?" कॅमेऱ्यामागून आवाज आला.

बाईंनी मला कानाशी नेऊन जरासं हलवलं. अगदी त्या कारखान्यातल्या बाईसारखं. "काहीतरी वाजतंय."

"बर्फ आहे तो!" साहेब हसले.

"नाही. बर्फाचा आवाज गोल असतो. हा टोकदार आहे."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "गाणाऱ्यांचे कान!" साहेब म्हणाले, "बाई, एकच घोट. दिवे तापलेत, माणसं खोळंबलीत." भाऊसाहेब पुढे आले, वाकून म्हणाले, "ताई, बर्फच आहे गं. पी ना. एवढ्यावरून कशाला अडवून धरतेस?"

बाईंनी भावाकडे पाहिलं. मग ओठांपाशी नेलेला पेला खाली घेतला. त्यातलं ते नारिंगी पेय टेबलावरच्या एका ग्लासात ओतलं. पेला झटकला. थेंब उडाले. मला समोर उभं केलं, बूच घट्ट दाबलं, पेला माझ्या डोक्यावर ठेवला आणि फिरवायला सुरुवात केली.

चर्र. चर्र. चर्र.

माझं पोट फुटलं होतं, पण फिरकी शाबूत होती. पंख्याच्या घरघरीतही तो आवाज भाऊसाहेबांनी ऐकला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लहानपणापासून ज्या टेबलाखाली ते खेळले, त्या टेबलावरचा तो आवाज होता. ते अगदी हळू म्हणाले, "ताई, आईसारखं नको ना करू."

बाई उठून उभ्या राहिल्या. गळा बसलेला होता, तरी शब्द स्वच्छ आले. "मला जमणार नाही. घोटही नाही, करारही नाही. महिनाभर मी गाणार नाही. तू कुणाकुणाला काय सांगायचं ते सांग, छोट्या, पण सांग. बरंय तर."

'छोट्या' ही हाक आई मारायची. आई गेल्यापासून ती कुणी मारली नव्हती.

साहेबांना अजून काही कळलं नव्हतं. "अहो, एवढं काय त्यात! हे बघा, मीच पिऊन दाखवतो," असं म्हणत त्यांनी तो ग्लास उचलून तोंडाला लावला. आणि इथे, मित्रांनो, मला भाऊसाहेबांबद्दल एक चांगली गोष्ट सांगावी लागते. त्यांनी झडप घालून साहेबांचं मनगट धरलं. "थांबा. ताई म्हणते ना, टोकदार आहे, तर टोकदार आहे." त्यांनी ग्लास एका पांढऱ्या रुमालावर ओतला. बर्फ घरंगळला. नारिंगी डाग पसरला. आणि त्या डागात काचेचे तुकडे चमकू लागले, काही नखाएवढे, काही सुईसारखे.

कुणीतरी पंखा बंद केला.

साहेबांनी गुपचूप खुर्ची घेतली. भाऊसाहेब त्या रुमालाकडे बघत होते. मग त्यांनी रुमालाची चारी टोकं गोळा केली, गाठ मारली आणि बहिणीला म्हणाले, "मी तुला पी म्हणालो होतो." बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्याहून जास्त बोलायची डॉक्टरांची मनाई होती.

परतताना भाऊसाहेबांनी मला स्वतःच्या मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! दोन्ही हातांनी धरून बसले होते, जणू मी तान्हं मूल आहे. आता सांगा, मी चिडू नको तर काय करू? धडधाकट होतो तेव्हा मागच्या सीटवर आडवा पडायचो, आणि पोटात खुळखुळा झाल्यावर मांडी मिळाली. घरी मावशीने मला हलवून पाहिलं आणि डोळ्याला हात लावला. "अगं बाई, कुणी केलं हे?" भाऊसाहेब म्हणाले, "मीच म्हण." मग माझ्यासाठी नवी आतली काच शोधत ते दुकानोदुकानी हिंडले. सगळीकडे एकच उत्तर, हे माप आता निघत नाही. फुटके तुकडे काढून टाकले, मला आतून पुसलं आणि इथे आणून ठेवलं.

भाऊसाहेब तो महिना फोनजवळ बसून होते. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडून 'नाही' फुटेना. "बघू... म्हणजे... नाही जमणार," असं काहीसं बोलून ते घाम पुसायचे. लोक रागावले, काही तुटले, एकाने तर गाडीभर शिव्या दिल्या. हळूहळू जीभ वळली. बाईंच्या गळ्याची सूज उतरली. खिडक्या लावून पुन्हा रियाज सुरू झाला. खालचे सूर पूर्वीसारखे आले, मधले आले. सगळ्यात वरचा एक सूर मात्र अजून यायला तयार नाही. आईच्या वेळी तो सकाळी सकाळी सहज लागायचा. बाई रोज तिथपर्यंत जातात, थांबतात आणि परत येतात. काका पट्टी वर नेत नाहीत. तो सूर येईल की नाही, ठाऊक नाही. आणि तो कुणी घालवला हे मला विचाराल तर माझ्या मनात यादी तयार आहे, पण तीत साहेबांचं नाव शेवटी आहे.

गरम पाण्याचं काम आता एका स्टीलच्या थर्मासकडे आहे. तो फुटत नाही, म्हणून स्वतःला फार शहाणा समजतो. त्याचं झाकण फिरवलं तर आवाजसुद्धा होत नाही.

म्हणून कुणी व्यवहाराला आलं की त्याला आत ठेवतात आणि मला बाहेर काढतात. कालच एक गृहस्थ आले होते. एका दिवसात तीन गावं, तीन कार्यक्रम, "बाई, गाडीत झोपायची सोय करतो." बाईंनी ऐकून घेतलं. "हं, हं" केलं. मग माझ्या डोक्यावर झाकण ठेवलं आणि फिरवलं. गृहस्थ उठले. माझ्यात पाण्याचा थेंब नव्हता, हे त्यांना कुठून कळणार? दाराशी भाऊसाहेब त्यांना म्हणाले, "बरंय तर. ताईचा रियाज आहे."

मित्रांनो, मला एवढंच मागायचं आहे. घरात कुणी तुमच्यासाठी पाणी गरम करून ठेवत असेल तर ते गरम असतानाच प्या, मोरीत जाऊ देऊ नका. वस्तूसोबत कागद आला तर तो वाचा. आणि आणखी एक. मी पाणी धरलं, आईने नकार धरला, आणि आम्हा दोघांच्या आधारावर बाई इतकी वर्षं गात राहिल्या. पण शेवटी झाकण त्यांना स्वतःच्या हातानेच फिरवावं लागलं, आणि तोवर एक सूर गेला होता. तुमचं झाकणही तुम्हालाच फिरवावं लागेल. वेळेवर फिरवा. आतली काच फुटायची वाट बघू नका.